घरोघरच्या गोष्टी : नळाची धार बारीक कां झाली?

घराची मोठी डागडुजी संपते, गवंडी थाप्या-घमेलीं उचलून जातात, आलेगेले पाहुणे नव्या फरशीवरून हात फिरवून कौतुक करितात, आणि मग तिसऱ्या-चवथ्या दिवशीं न्हाणीघरांतून कोणीतरी विचारतें, "पूर्वीं पाणी याहून जोरानें येत होतें, नाहीं?" सोय वाढावी म्हणून खर्च करावा आणि मुख्य सोयच उणी व्हावी, हा अनुभव आजकाल पुष्कळ कुटुंबांना येतो. आमच्याही घरीं तो गेल्या वर्षीं आला. त्यानें नळाची परीक्षा थोडी आणि माणसांची फार पाहिली. तो प्रसंग आधीं सांगतों. त्यांतच या विषयाचें बहुतेक शास्त्र आहे.

आमचें घर जुन्या पद्धतीचें, दुमजली आहे. खालीं आम्ही राहतों, वर धाकटे बंधु. पंच्याऐंशीच्या घरांतील आमच्या आत्याबाई वरच असतात, कारण देवघर वर आहे. चुली सोयीसाठीं दोन झाल्या आहेत; परंतु सणवार, घरपट्टी आणि गच्चीवरील पाण्याची टांकी हीं तिन्ही अजून एकत्र आहेत. गेल्या वर्षीं दोन्ही न्हाणीघरें नवीं केलीं. चाळीस वर्षांच्या लोखंडी नळ्या गंजल्या होत्या. त्या काढून पांढऱ्या प्लास्टिकच्या, म्हणजे सीपीव्हीसीच्या, नळ्या भिंतींत गाडून घेतल्या. जुन्या पितळी तोट्या जाऊन गरम-गार पाण्याचे मिक्सर आले, आणि पुतण्याच्या हौसेखातर वर परातीएवढा शॉवर बसला.

पहिल्या आठवड्यांतच वरच्या मजल्यावर कुरबुर सुरू झाली. धाकट्या भावजयबाईंचें म्हणणें असें कीं, "सकाळीं सात वाजतां खालचा नळ सुटला कीं आमची धार सुतासारखी होते. खालच्या मंडळींना बागेला पाणी घालण्यास हीच वेळ सांपडते काय?" आमच्या घरांतून उत्तर असें कीं, "वर एवढा मोठा शॉवर बसविल्यावर पाणी पुरावें कसें?" दोन्ही बाजू सभ्य, त्यामुळें मोठ्यानें कोणी बोललें नाहीं. पण दोघी जावांचें दुपारचें एकत्र बसणें बंद झालें, आणि मुलें "आमचें पाणी", "तुमचें पाणी" असे शब्द वापरूं लागलीं. एके दिवशीं बंधु पंपाचें दरपत्रक घेऊन आले आणि जातां जातां म्हणाले, "दादा, नाहींतर आम्ही आमची स्वतंत्र टांकीच बसवून घेतों." बोलणें सहज होतें, तथापि मला तें सहज वाटलें नाहीं. एकत्र कुटुंबांत वांटणी कागदावर फार उशिरा होते. ती आधीं अशाच लहान वस्तूंत होऊन जाते.

त्याच सुमारास एका पहाटे चार वाजतां मला जाग आली. वर पाण्याचा आवाज येत होता. नळ उघडा राहिला असेल म्हणून वर गेलों, तों आत्याबाई अंधारांत स्टुलावर बसून बादली भरीत होत्या. मी रागावलों. तेव्हां त्या म्हणाल्या, "अरे, या वेळीं घरांत दुसरा कोणी नळ सोडीत नाहीं, म्हणून बरी धार येते. सात वाजतां माझी बादली भरेपर्यंत पूजेला उशीर होतो. तुमच्या कुरबुरींत माझ्या आंघोळीची भर कशाला?" महिनाभर त्या रोज अशा उठत होत्या आणि घरांत कोणाला पत्ता नव्हता. मला स्वतःची लाज वाटली. त्यांच्या त्या वाक्यांत आमच्या दुखण्याचें निदानही होतें. तें मात्र माझ्या ध्यानांत सकाळीं चहाच्या वेळीं आलें.

आतां शास्त्राकडे वळूं. तर्कसंग्रह शिकलेल्यांना आठवेल कीं, वस्तूच्या पहिल्या पडण्याचें कारण गुरुत्व आणि पहिल्या वाहण्याचें कारण द्रवत्व, असें तेथें सांगितलें आहे. गच्चीवरील टांकीतून नळाला येणाऱ्या पाण्याजवळ याहून निराळें बळ नसतें. टांकीतील पाण्याची पातळी नळाच्या तोंडापेक्षां जितकी उंच, तितका दाब. आणि वाटेंत घर्षण व अडथळे जितके, तितकी त्यांत तूट. दर १० फूट उंचीमागें दाब सुमारें ०.३ बार असतो, म्हणजे पुरा १ बार दाब मिळण्यास जवळजवळ ३४ फूट उंची लागते.

हा हिशेब आमच्या घराला लावून पाहिला. टांकी गच्चीवर ३ फूट उंच ओट्यावर आहे आणि मजल्याची उंची १० फूट आहे. वरच्या न्हाणीघरांतील बादलीची तोटी जमिनीपासून २ फुटांवर, म्हणजे टांकीच्या तळापासून ११ फूट खालीं येते. शॉवर ७ फुटांवर असल्यामुळें त्याच्या वांट्याला अवघे ६ फूट राहतात. खालच्या मजल्याच्या तोटीला मात्र २१ फूट मिळतात. टांकी भरलेली असेल तर या प्रत्येक आंकड्यांत आणखी ३ फूट मिळवावे. यावरून दोन गोष्टी निघाल्या. एक, वरच्या मजल्याला दाब मुळांतच कमी होता आणि पूर्वींही तेवढाच होता, कारण टांकी हालली नव्हती. दुसरी, आमची उंची बदललेली नसतां धार बदलली, याअर्थीं अडथळा वाढला असला पाहिजे. नूतनीकरणानंतर पाणी मंदावल्याच्या बहुतेक तक्रारींना हेंच अनुमान लागू पडतें. उंचीला कोणी हात लावीत नाहीं. हात लागतो तो वाटेला.

अडथळा कोठें आहे हें शोधण्यास भिंत फोडावी लागत नाहीं. एक बादली, एक घड्याळ आणि अन्वय-व्यतिरेकाची जुनी रीत पुरे होते. अमुक असतां तमुक होतें काय, आणि अमुक नसतां तमुक होत नाहीं काय, असें एकेक करून पाहावयाचें. नातवाच्या हातीं मोबाइलचें घड्याळ दिलें आणि १५ लिटरची बादली वरच्या तोटीखालीं ठेविली. खालचे सर्व नळ बंद असतां ती साडेतीन मिनिटांत भरली. खालचा एकच नळ उघडला, तों तिला आठ मिनिटें लागलीं.

भावजयबाईंचें निरीक्षण अक्षरशः खरें ठरलें. खालचा नळ सुटला कीं वरची धार जातच होती. चूक होती ती त्यावरून काढलेल्या अनुमानांत. खालच्या मंडळींनीं वरचें पाणी ओढलें नव्हतें. दोघांनाही एकाच अरुंद वाटेनें पाणी येत होतें, आणि खालचा नळ १० फूट अधिक खोल असल्यामुळें पाणी स्वभावतःच तिकडे जात होतें. आमच्या घरांतून शॉवरवर ठेवलेला दोषही गळून पडला, कारण परीक्षेच्या वेळीं शॉवर बंद होता. घरांतील पुष्कळ भांडणांत अनुभव खरा आणि अनुमान खोटें, असाच प्रकार असतो.

मग प्लंबरला बोलावून वाट वरपासून खालपर्यंत तपासली. तीन अडथळे सांपडले.

पहिला अडथळा अगदींच साधा निघाला. काम चालू असतांना वरच्या मजल्याचें पाणी तोडण्यासाठीं बंद केलेला व्हॉल्व्ह पुन्हां पुरा उघडलाच नव्हता. अर्ध्यावर राहिला होता. मिक्सरखालील लहान कोनी तोट्याही अर्धवटच उघड्या होत्या. नवें काम झालेल्या घरीं सर्वांत आधीं हें पाहावें. यास खर्च कांहींच नाहीं, आणि पुष्कळ घरीं रोग येथेंच संपतो.

दुसरा अडथळा नळांच्या तोंडाशीं होता. नव्या नळाच्या तोंडांत बारीक जाळी असते. ती फिरवून काढली, तेव्हां तिच्यांत वाळूचे कण, सिमेंटचा चुरा आणि आट्यांवर गुंडाळावयाच्या पांढऱ्या टेपेचे धागे निघाले. नळ्या जोडल्यावर, नळ बसविण्यापूर्वीं, पाणी मोकळें सोडून सगळी वाट धुऊन काढावयाची असते. तेवढें राहून गेलें होतें. जाळ्या ब्रशानें घासून घेतल्या. जुन्या नळाच्या जाळीवर क्षार बसलेले असले तर ती रात्रभर व्हिनेगरमध्यें किंवा लिंबाच्या रसांत ठेवावी. एवढें केल्यावर तीच बादली खालचे नळ बंद असतां दोन मिनिटांत आणि खालचा नळ उघडा असतां पांच मिनिटांत भरूं लागली. सुधारणा झाली, पण दोहोंतील अंतर राहिलेंच, म्हणजे मूळ कारण अजून हातीं लागलें नव्हतें.

तिसरा अडथळा नळीच्या मापांत होता, आणि तो वाचकांनीं नीट समजून घ्यावा, कारण तो नांवाच्या आड लपतो. पूर्वीं आमच्या टांकीपासून पाऊण इंची दोन स्वतंत्र लोखंडी नळ्या निघत, एक वर आणि एक खालीं. नव्या कामांत त्यांच्या जागीं पाऊण इंचीच, पण एकच प्लास्टिकची नळी घातली होती. पाऊण इंच ती आणि पाऊण इंच ही, असें ऐकून आम्ही निश्चिंत होतों. पण लोखंडी नळीचें हें माप तिच्या आंतील पोकळीच्या जवळपासचें असतें. ती सुमारें २१-२२ मिलिमीटर भरते. सीपीव्हीसीची पाऊण इंची नळी बाहेरूनच २२ मिलिमीटर असते आणि जाडी वजा जातां आंतून सुमारें १८ मिलिमीटर उरते. नव्या नळीचा बाहेरचा घेर तो जुन्या नळीचा आंतला घेर! फरक बोटभर देखील नाहीं. परंतु वाहत्या पाण्याची घर्षणांत जाणारी उंची व्यासाच्या साधारण पांचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणांत बदलते. तेवढ्यानेंच ती सुमारें अडीचपट होते. शिवाय दोन नळ्यांचें पाणी एकींतून न्यावयाचें म्हणजे प्रवाह दुप्पट, आणि प्रवाह दुप्पट झाला कीं घर्षण चौपट. अडीच गुणिले चार म्हणजे दहापट झाली. प्लास्टिक आंतून गुळगुळीत असतें व गंजत नाहीं, हा लाभ खरा. पण दहापटीची भरपाई त्यानें होत नाहीं. ज्या घरीं वरच्या मजल्याला अकराच फूट उंची मिळते, तेथें ही उधळपट्टी परवडणारी नव्हती.

उपाय मात्र सोपा निघाला. टांकीला दुसरें भोक पाडून निपल बसविली, तेथून एक इंची नवी नळी बाहेरच्या भिंतीवरून दहा-बारा फूट खालीं आणून वरच्या न्हाणीघराच्या शाखेला जोडली, आणि ती शाखा जुन्या सामाईक नळीपासून तोडली. एकही फरशी फुटली नाहीं. काम एका दिवसांत झालें. संध्याकाळीं पुन्हां बादली ठेविली, तों खालचा नळ बंद असो वा उघडा, सव्वा मिनिटांत भरली.

पुतण्याच्या शॉवरला मात्र आम्हीं न्याय देऊं शकलों नाहीं. असल्या पुष्कळ नव्या शॉवरांना व मिक्सरांना अर्धा ते एक बार दाब अपेक्षित असतो, आणि आमच्याकडे त्या उंचीवर पाव बारही नाहीं. त्यानें समजूतदारपणें तो उतरवून साधा लहान शॉवर लाविला. दुकानांत जाण्यापूर्वीं घराची उंची फुटांत मोजावी आणि घेतलेल्या वस्तूला किती दाब लागतो हें तिच्या माहितीपत्रकांत पाहावें, हा धडा त्याला आणि आम्हां सर्वांना मिळाला.

वाचकांना आपापल्या घरीं रोग ओळखतां यावा म्हणून चार खुणा सांगून ठेवितों. एकाच नळाची धार बारीक असेल तर दोष त्या नळाच्या जाळींत किंवा त्याखालील कोनी तोटींत असतो. फक्त गरम पाणीच मंद असेल तर गिझरच्या वाटेंत पाहावें. तेथील झडप अडकलेली असते किंवा क्षार साठलेले असतात, आणि तें काम वीज बंद करून जाणत्याकडूनच करून घ्यावें. एका न्हाणीघरांतील सर्वच नळ मंद असतील तर त्या खोलीचा व्हॉल्व्ह पाहावा. सगळ्या घरांतच मंद असेल तर टांकीच्या तोंडाशीं जावें. तेथें गाळ साठलेला असतो किंवा मुख्य व्हॉल्व्ह अर्धवट असतो. आणखी एक खूण फार उपयोगी आहे. नळ उघडतांच क्षणभर जोराची धार येऊन लगेच मंदावत असेल, तर दाब पुरेसा आहे पण वाट अरुंद आहे असें समजावें. पहिल्या क्षणापासूनच धार सारखी मंद असेल, तर व्हॉल्व्ह-जाळ्या पाहून झाल्यावर उंचीचा विचार करावा.

नळ खोकल्यासारखा फुरफुरत थांबून थांबून येत असेल, तर नळींत हवा अडकलेली असते. नळी वांकवून वर चढवून पुन्हां खालीं उतरविली असेल तर त्या उंच जागीं हवा दबून बसते आणि पाण्याची वाट अडविते. यासाठीं टांकीतून निघालेल्या नळीवर उघड्या तोंडाची एक उभी नळी टांकीच्या पातळीहून उंच ठेवतात. ही युक्ति आपल्याकडे नवी नाहीं. अठराव्या शतकाच्या मध्यास पेशव्यांनीं कात्रजच्या तलावांतून पुण्यांत पाणी आणिलें, तेव्हां त्या भूमिगत मार्गावर ठिकठिकाणीं उंच उच्छ्वास बांधले. दगडी मार्गाला श्वास घेऊं द्यावा लागतो हें त्या कारागिरांना ठाऊक होतें; आपल्या प्लास्टिकच्या नळीला तो नियम चुकलेला नाहीं.

आतां पंपाविषयीं. टांकीच्या पुढें, घरांतील नळीवर दाबाचा पंप बसविण्यास हरकत नाहीं. उंचीच कमी असेल आणि टांकी उंचावतां येत नसेल, तर तोच खरा उपाय आहे. परंतु वाट तुंबलेली असतां पंप लावणें म्हणजे पथ्य न पाळतां औषध घेणें होय. वीज खर्च होते, आवाज होतो, सांधे गळूं लागतात आणि दोष भिंतींत तसाच राहतो. आणि रस्त्यावरून येणाऱ्या नगरपालिकेच्या नळाला थेट मोटर कधींही लावूं नये. तो नियमाचा भंग तर आहेच. शिवाय त्यानें शेजाऱ्यांचें पाणी आपण ओढून घेतों, आणि नळी कोठें फुटकी असेल तर त्या ओढीनें बाहेरचें घाण पाणी आंत येण्याचें भय असतें.

ज्यांच्या घरीं अशी डागडुजी अजून व्हावयाची आहे, त्यांनीं काम सुरू होण्यापूर्वींच प्रत्येक नळाखालीं बादली किती वेळांत भरते हें मोजून लिहून ठेवावें. पुढें वाद झाला तर तो कागद पंच होईल. टांकीपासून प्रत्येक मजल्याला स्वतंत्र नळी जाईल असें पाहावें, आणि माप ठरवितांना इंच न विचारतां आंतील पोकळी किती मिलिमीटर, हें विचारावें. फरशी बसण्यापूर्वीं उघड्या नळ्यांचीं छायाचित्रें काढून ठेवावीं. नळ बसविण्यापूर्वीं सगळ्या नळ्या धुऊन घ्याव्या, आणि काम संपल्याच्या दिवशीं घरांतील एका मोठ्या माणसानें प्लंबरबरोबर फिरून प्रत्येक व्हॉल्व्ह पुरा उघडल्याची खात्री करून घ्यावी.

स्वतंत्र टांकीचा विषय त्यानंतर आमच्या घरीं निघाला नाहीं. ज्या संध्याकाळीं बादली सव्वा मिनिटांत भरली, तेव्हां भावजयबाई खालीं येऊन म्हणाल्या, "दादा, आम्हीं उगीचच मनांत आणिलें." त्यावर आमच्या घरांतून उत्तर आलें, "आम्हीं तरी कोठें वर येऊन विचारलें?" दुसऱ्या दिवसापासून दुपारचें बसणें पुन्हां सुरू झालें. आत्याबाईंना मात्र पहाटे चारची संवय लागून गेली होती. ती मोडण्यास आणखी पंधरा दिवस गेले. आतां त्या साडेपांचला उठतात, सात वाजतां स्नान करितात, आणि त्यांची बादली भरत असतां खालीं बागेचा नळ खुशाल चालू असतो.